काश्मिरातले महाराष्ट्र भवन कसे असावे?

काश्मीरला जाणाऱ्या मराठी प्रवाशांसाठी तेथे महाराष्ट्र भवन बांधण्याचे राज्य शासनाने ठरविले, त्याला आता काही काळ लोटला आहे. जून २०२३ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांच्याशी या संबंधात बोलणी केली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात श्रीनगर व अयोध्या येथील दोन भवनांसाठी ७७ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात जम्मू-काश्मीर प्रशासनाने बडगाम जिल्ह्यातील इछगाम येथील २० कनाल, म्हणजे अडीच एकर, जमीन ८ कोटी १६ लाख रुपयांना महाराष्ट्रास देण्यास मान्यता दिली.

या निर्णयाची त्या वेळी जी चर्चा झाली, ती मुख्यतः राजकीय होती. दुसऱ्या राज्याच्या सरकारने काश्मिरात जमीन घ्यावी काय आणि त्याचा अर्थ काय लावावा, यावर पुष्कळ लिहिले गेले. तो वाद येथे उकरून काढावयाचा नाही. भवन बांधावयाचे ठरले आहे व त्यासाठी तुमच्याआमच्या करातून पैसा जावयाचा आहे, एवढे गृहीत धरून एका साध्या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. वर्षातील काही आठवडे जेथे नळातले पाणी गोठते, त्या भूमीवर महाराष्ट्राने उभारावयाची वास्तू कशी असावी?

हा प्रश्न स्थापत्यविशारदांचा आहे, अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु उष्ण प्रदेशात चुकलेली इमारत माणसाला त्रास देते. थंड प्रदेशात चुकलेली इमारत त्रास तर देतेच, शिवाय दर हिवाळ्याला इंधनाचे बिल पाठवते. इमारत पन्नास वर्षे टिकली तर बिलही पन्नास वर्षे येत राहते. त्या दृष्टीने हा प्रश्न अर्थशास्त्राच्याही कक्षेत येतो.

पाहुणघराची परंपरा

परमुलखात जाणाऱ्या आपल्या माणसाची सोय पाहावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. चौंडीसारख्या लहान गावी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात माळव्याचा कारभार पाहताना देशभर मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. बदरीनाथ-केदारनाथसारख्या हिमालयातील तीर्थक्षेत्रीही त्यांनी यात्रेकरूंची सोय केली. या कार्याचा गौरव करताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. हा खर्च मुख्यतः ‘खासगी’च्या स्वतंत्र उत्पन्नातून होत असे, आणि बांधलेल्या वास्तूंची व्यवस्था पुढे चालावी म्हणून उत्पन्नाची तजवीजही केलेली असे. नुसती वास्तू बांधून पुण्य पदरी पडत नाही, तिच्यात रोज दिवा लागला पाहिजे, हे त्या काळच्या कारभाराला ठाऊक होते.

आजचा काश्मीरचा प्रवासी तीर्थयात्रेला गेलेला नसतो, परंतु त्याची ऐपत जुन्या यात्रेकरूहून फारशी निराळी नसते. शाळेतले गुरुजी, जिल्हा परिषदेतले लिपिक, बँकेतले रोखपाल, निवृत्तीनंतर पत्नीला एकदा बर्फ दाखवू म्हणणारे गृहस्थ असे हे लोक आहेत. दोन-तीन वर्षे पैसा बाजूला टाकून ते जातात. परभणीकर सचखंड एक्स्प्रेसने उत्तरेकडे निघतो आणि पुढचा पल्ला मिळेल त्या वाहनाने गाठतो. जून २०२५ मध्ये चिनाब नदीवरील पूल खुला होऊन कटरा ते श्रीनगर थेट आगगाडी सुरू झाली. बडगामचे स्थानक खोऱ्यातल्या या लोहमार्गावरच आहे. त्यामुळे या वर्गाचा काश्मीरप्रवास पुढील काळात वाढेल, असे मानावयास हरकत नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलची आठवण मात्र कोणीही विसरलेले नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन येथे दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही त्यात मारला गेला. त्यानंतरच्या दिवसांत घाबरलेल्या प्रवाशांना अनेक काश्मिरी कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला, शासनाने खास विमानांनी त्यांना परत आणले. या घटनेनंतर भवनाच्या कल्पनेला दोन प्रकारचे अर्थ येऊ शकतात. उंच भिंतींच्या आत आपल्या माणसांना सुरक्षित कोंडून ठेवणारी छावणी, हा एक अर्थ. ज्या घरांनी त्या दिवशी दारे उघडली, त्यांच्या शेजारचे एक घर, हा दुसरा अर्थ. बंदोबस्त आवश्यकच आहे, त्याबाबत दुमत नाही. परंतु वास्तूच्या आराखड्यात यांपैकी कोणता अर्थ उतरतो, यावर तिचे भवितव्य अवलंबून राहील.

एक रात्र आणि एक सकाळ

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस आम्ही महाविद्यालयातील सहा-सात सहकारी श्रीनगरला गेलो होतो. ज्या हॉटेलात उतरलो ते नवे होते. सिमेंटचे खांब, एकेरी काचेच्या भल्यामोठ्या खिडक्या, गुळगुळीत फरशी. पुण्या-मुंबईत असे हॉटेल शोभून दिसले असते. रात्री वीज गेली आणि विजेची शेगडी थंड झाली. दोन-दोन रजया अंगावर घेऊनही कोणाला झोप आली नाही. पहाटे काचेच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत होते व स्नानगृहातला नळ कोरडा होता, कारण बाहेरच्या भिंतीवरून आलेल्या नळीतले पाणी गोठले होते. गाद्या, पडदे, आरसे सर्व काही उंची होते. घर मात्र त्या हवेसाठी बांधलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गाडीचा चालक आम्हांला जुन्या शहरातील आपल्या घरी चहाला घेऊन गेला. घर जुने, थोडे कललेले. आतल्या एका खोलीत पाऊल टाकले आणि पायाला ऊब लागली. ती हमामची खोली होती. जमिनीवर घडीव दगडी लादी, तिच्याखाली पोकळी, त्या पोकळीत बाहेरून लाकूड जाळण्याची सोय. आदल्या संध्याकाळी लावलेला विस्तव केव्हाच विझला होता, पण दगड अजून उबदार होता. त्याच विस्तवावर घरच्यांचे पाणीही तापत असे. चालकाचे वृद्ध वडील तेथे बसले होते. त्यांनी हसून विचारले, ‘आपल्याकडे घर उन्हासाठी बांधतात की थंडीसाठी?’ आम्ही उत्तर दिले, ‘दोन्हींसाठी बांधीत असत.’ उत्तर देताना क्रियापद भूतकाळी आले, याची जाणीव आम्हांला बोलून झाल्यावर झाली.

कारण परभणीला थंडी परकी नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांकडे झुकणारा आमचा पारा हिवाळ्यात किती खाली उतरतो, याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तो दोन-तीन अंशांपर्यंत आला होता. या दोन्ही टोकांना तोंड देण्यासाठी मराठवाड्याने धाब्याचे घर घडविले. हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडी खण, त्यावर पांढऱ्या मातीचे जाड माळवद, उजेडासाठी माळवदात साणे. दिवसाचे ऊन भिंतीत मुरे आणि रात्री हळूहळू घरात उतरे. आज आम्ही चार इंची विटांच्या भिंती व वर उघडा स्लॅब घालून मेमध्ये भाजतो आणि जानेवारीत कुडकुडतो. काश्मीरबद्दल बोलण्याचा अधिकार आम्हांला काही असेलच, तर तो या अनुभवाचा आहे.

थंडीशी जुना करार

काश्मीरच्या खोऱ्यात थंडीचेही पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, त्यानंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. आपल्या गावांच्या नावांतील बुद्रुक आणि खुर्द ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना मोठी थंडी, धाकटी थंडी आणि थंडीचे पोर ही वाटणी लगेच समजेल. मोठ्या थंडीत पारा शून्याच्या बराच खाली असतो. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरला उणे ८.४ अंश तापमान नोंदले गेले, ते तोपर्यंतच्या तीस वर्षांतील नीचांकी होते. दल सरोवराच्या पृष्ठभागावर अशा वेळी बर्फाचा थर धरतो.

या हवेशी तेथील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा करार केलेला आहे. अंगावर फेरन, फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी, ही त्याची सर्वांना माहीत असलेली कलमे. घराच्या बांधणीतली कलमे कमी माहीत आहेत. जुने काश्मिरी घर ऋतूप्रमाणे वापरले जाई. उन्हाळ्यात कुटुंब सर्वांत वरच्या मजल्यावर राही, तेथे वारा खेळे. थंडी सुरू होताच सर्वजण खालच्या मजल्यावर उतरत व वरचे मजले बंद होत. म्हणजे हिवाळ्यात जेवढे घर वापरावयाचे तेवढेच गरम करावयाचे. इंधनबचतीचा यापेक्षा सोपा नियम आमच्या पाठ्यपुस्तकांतही सापडणार नाही.

छताखाली ‘खतमबंद’ असे. लाकडाचे लहान लहान भौमितिक तुकडे खिळ्याशिवाय एकमेकांत अडकवून केलेले हे नक्षीदार छत पर्यटकांना शोभेचे वाटते. परंतु त्यामुळे खोलीची उंची कमी होते, वर हवेचा एक थर अडकून राहतो आणि ऊब निसटत नाही. छपरावर पूर्वी भूर्जवृक्षाच्या सालीचे थर व त्यावर माती घालीत. ज्या भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या गेल्या, तीच साल पाणी अडवावयास घराच्या माथ्यावर असे, आणि वरच्या मातीत वसंतात फुलेही उगवत. हे छप्पर उतरते असे, कारण साचलेल्या ओल्या बर्फाचे ओझे कोणतीही वास्तू फार काळ सहन करू शकत नाही. आता त्याची जागा पत्र्याने घेतली आहे, पण उतार टिकून आहे.

आता या चित्राशेजारी आपल्या सरकारी विश्रामगृहाचा नेहमीचा नमुना ठेवून पाहावा. सपाट गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी, मागच्या भिंतीवरून उघड्या उतरणाऱ्या नळ्या, लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या आणि समोर फरसबंद अंगण. महाराष्ट्राच्या हवेत हा नमुना निभावून जातो. इछगामला तोच नमुना उभा केला तर पहिल्या चिल्लई कलानमध्ये टाकी गोठेल, नळ्या फुटतील, गच्चीवर बर्फ साचून झिरपेल व व्हरांड्यातून येणारे वारे प्रत्येक खोलीतली ऊब नेईल. नमुना-आराखडे कपाटातून काढून कोठेही वापरण्याची आपल्या बांधकाम खात्यांची सवय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही भीती अनाठायी वाटणार नाही.

किल्लारीचा धडा

थंडीइतकाच, किंबहुना अधिक, गंभीर विषय भूकंपाचा आहे. काश्मीरचे खोरे देशातील सर्वांत धोक्याच्या भूकंपप्रवण प्रदेशांत मोडते. ८ ऑक्टोबर २००५ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपात नियंत्रणरेषेच्या दोन्ही बाजूंस मिळून सत्तर हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य पलीकडील मुजफ्फराबाद परिसरातील होती. आपल्या बाजूस उरी व तंगधार भागांत मोठी हानी झाली.

मराठवाड्याला यावर कोणी व्याख्यान देण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे झाले, त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. गणेशविसर्जन आटोपून झोपलेली गावे ढिगाऱ्याखाली गेली. तो हादरा परभणीकरांनीही अंथरुणात अनुभवला. मातीत रचलेल्या गोलसर दगडांच्या जाड भिंती ढासळल्या आणि माळवदाचा भार अंगावर आला. परंतु त्या वेळी तज्ज्ञांनी एक गोष्ट नोंदविली होती. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब व तुळयांच्या सांगाड्यावर होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला व माणसे वाचली. दोष मातीचा किंवा लाकडाचा नव्हता. भिंतीतला दगड दगडाला बांधलेला नव्हता, हा दोष होता.

काश्मिरी कारागिरांनी नेमकी हीच बांधणी साधली होती. त्यांच्या दोन पद्धती प्रसिद्ध आहेत. पहिली ‘ताक़’. आपल्या ताकाशी या शब्दाचा संबंध नाही. हिंदीत ताक म्हणजे कोनाडा, तोच हा शब्द. विटांच्या जाड खांबांमध्ये खिडकीचे गाळे आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीतून आडव्या फिरणाऱ्या लाकडी पट्ट्या, अशी तिची रचना. दुसरी पद्धत ‘दज्जी दिवारी’. फारसीत या नावाचा अर्थ ठिगळांची भिंत असा आहे. आमच्या भाषेत बोलायचे तर ही वाकळीसारखी भिंत. लाकडी चौकटीचे लहान लहान चौकोन-त्रिकोण पाडून त्यांत विटा किंवा दगडाचे तुकडे मातीत बसवितात. धक्का बसला की प्रत्येक ठिगळ आपापल्या चौकटीत थोडे हलते, घासते, भेगाळते. भेग चौकटीबाहेर जात नाही, आणि असंख्य लहान घर्षणांत भूकंपाचा जोर जिरून जातो. २००५ च्या भूकंपात अशी कित्येक घरे तगली, शेजारची नवी, निकृष्ट सिमेंटकामाची घरे मात्र कोसळली. पलीकडील पुनर्बांधणीत या पद्धतीला पुढे अधिकृत मान्यताही देण्यात आली.

याचा अर्थ भवन जुन्या घराची हुबेहूब प्रतिकृती असावे असा नाही. देवदार महाग आहे व जंगलांवर आधीच ताण आहे. दज्जीचे बांधकाम दोन-तीन मजल्यांपर्यंतच शोभते. लाकडी इमारतीला आगीचे भय असते, हमामला जळण लागते, आणि शेकडो माणसांच्या वावराची सरकारी इमारत आजच्या संहितेनुसारच बांधली पाहिजे. घ्यावयाचे ते तत्त्व. ठेंगणी व आटोपशीर वास्तू, बांधून घेतलेल्या भिंती, उतरते छप्पर, दुहेरी काचा, भिंतींच्या आतून नेलेल्या नळ्या, दक्षिणेकडे उघडणाऱ्या बैठकीच्या खोल्या आणि हिवाळ्यात बंद करता येईल असा स्वतंत्र उन्हाळी भाग. हमामच्या तत्त्वावर फरशीखालून ऊन पाण्याच्या नळ्या फिरविण्याची आधुनिक रीत आता सर्वपरिचित आहे. लडाखमधील फे येथे सोनम वांगचुक यांच्या शिक्षणसंस्थेने जाड मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडील काचेच्या आधारे जवळजवळ इंधनाविना उबदार राहणाऱ्या इमारती उभारल्या आहेत. मात्र लडाखचा हिवाळा कोरडा व उन्हाचा असतो, काश्मीरचा पुष्कळदा ढगाळ व धुक्याचा. तेव्हा लेहचे उत्तरही श्रीनगरला जसेच्या तसे लागू पडणार नाही.

खिडकीतून काय दिसावे?

येथवर ऊब आणि सुरक्षितता यांचा विचार झाला. परंतु परभणीचा माणूस दोन हजार किलोमीटर जातो तो काही उबेसाठी नव्हे, ऊब घरीही असते. तो जातो बर्फ पाहावयास. वास्तूने त्याला थंडीपासून वाचवावे आणि थंडीच्या भूमीपासून तोडू मात्र नये, ही खरी अवघड अट आहे.

या अटीचे एक चांगले उत्तर नॉर्वेत आहे. डोव्हरेफेल पर्वतराजीत येर्किन येथे रानटी रेनडिअर पाहण्यासाठी २०११ मध्ये एक निवारा बांधला गेला. समोर दिसणाऱ्या स्नोहेट्टा शिखरावरून ज्या वास्तुसंस्थेने आपले नाव घेतले आहे, तिनेच तो केला. वास्तू अवघ्या ९० चौरस मीटरांची, आपल्याकडील एका मध्यम सदनिकेएवढी. बाहेरून गंजल्या रंगाची पोलादी चौकट, ती तेथील खडकाच्या रंगात मिसळून जाते. आत पाइनच्या तुळया लाटांसारख्या कोरून केलेली बैठक, एक शेगडी, आणि डोंगराच्या बाजूची सबंध भिंत काचेची. वाहनतळ दूर ठेवला आहे, दीड किलोमीटर चालत जावे लागते. माणूस थंडी खाऊन येतो, आत बसतो आणि ज्या भूमीतून चालत आला तीच समोर पाहतो. ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथे २०२१ मध्ये डोर्टे मान्द्रुप या डॅनिश वास्तुविशारद स्त्रीने केलेल्या हिमखाडी केंद्राचे छप्परच चालण्याची वाट आहे. केंद्र खडकावर अलगद टेकलेले असल्याने वाहणारा बर्फ त्याच्या खालून निघून जातो.

या देशांची श्रीमंती आपल्यापाशी नाही, हे मान्य. पण या दोन्ही वास्तूंत पैशापेक्षा संयम अधिक दिसतो. भूमीवर आपला ठसा उमटविण्याची घाई त्यांना नाही. आपल्याकडे अडीच एकर म्हटले की जमीन सपाट करून, झाडे काढून, भिंत घालून मगच कामाला आरंभ होतो. बडगाम जिल्ह्यात ‘करेवा’ म्हणजे प्राचीन सरोवराच्या गाळाची पठारे आहेत. रस्ते आणि लोहमार्ग यांच्या भरावासाठी ती पोखरली गेल्याबद्दल तेथील लोक तक्रार करीत आले आहेत. पाणथळ जागा व पुराच्या वाटा बुजविल्याने सप्टेंबर २०१४ च्या महापुराची झळ कशी वाढली, हेही त्यांनी भोगले आहे. अशा भूमीवर महाराष्ट्राने मातीचा चढउतार आहे तसा ठेवून, जागेवरची झाडे राखून, पाण्याची वाट मोकळी ठेवून घर बांधले, तर त्याचा संदेश कोनशिलेवरील मजकुरापेक्षा लवकर वाचला जाईल.

बिल कोण भरणार?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शासकीय वास्तूंचे आपल्याकडील दुखणे असे, की भांडवली खर्चाला उद्घाटक मिळतो, महसुली खर्चाला कोणी वाली नसतो. अजिंठा आणि वेरूळ येथील अभ्यागत केंद्रांचे उदाहरण मराठवाड्यापुढे आहे. जपानी कर्जसाहाय्याच्या प्रकल्पातून मोठा खर्च करून ती उभी राहिली, अजिंठ्याच्या केंद्रात लेण्यांच्या प्रतिकृतीही केल्या. २०१३ च्या सुमारास ती खुली झाली आणि वीज व पाण्याची बिले थकल्याने काही वर्षांतच बंद पडली. खऱ्या लेण्या शतकानुशतके टिकून राहिल्या, प्रतिकृतींना एक दशकही धड लाभले नाही. अजिंठ्याच्या हवेत बंद पडलेली इमारत धूळ खाते. काश्मीरच्या हवेत हिवाळाभर न तापविलेली इमारत नळ्या फुटून, लाकूड कुजून खिळखिळी होते.

विजेवर भरवसा ठेवून चालणार नाही. जम्मू-काश्मीरची वीज मोठ्या प्रमाणात नद्यांवर निर्माण होते. हिवाळ्यात वरचे पाणी बर्फ होऊन बसते, प्रवाह आटतो, आणि नेमकी त्याच वेळी मागणी सर्वाधिक असते. म्हणून तेथे भारनियमन हा हिवाळ्याचा सोबती आहे. आमच्या त्या हॉटेलातील रात्र हा अपघात नव्हता. सगळी ऊब विजेच्या शेगडीवर सोपविल्याचे ते फळ होते.

वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना देतो तसे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक इमारत शंभर रुपयांत होते आणि तिला तापविण्यास दरसाल सहा रुपये लागतात. दुसरी, जाड भिंतींची व दुहेरी काचांची, एकशे पंधरा रुपयांत होते आणि तिला तीन रुपये पुरतात. पंधरा रुपयांचा जादा खर्च पाच वर्षांत भरून निघतो, पुढची पंचेचाळीस वर्षे निव्वळ बचत. तरीही निविदेच्या स्पर्धेत पहिली इमारतच जिंकते, कारण निविदा केवळ बांधण्याची किंमत विचारते, राहण्याची विचारीत नाही. महाराष्ट्र भवनाच्या बाबतीत तरी पन्नास वर्षांची एकत्रित किंमत मांडूनच आराखडा निवडावा. त्याचबरोबर तरतुदीचा एक निश्चित हिस्सा देखभालीचा कायमनिधी म्हणून वेगळा ठेवावा व त्याच्या व्याजातून इंधन, दुरुस्ती आणि सेवकांचे पगार भागवावेत. अहिल्याबाईंनी केले ते याहून निराळे नव्हते.

भवन मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मुक्कामाचे ठिकाण होऊ द्यावयाचे नसेल, तर तेही आराखड्यातच ठरते. चार प्रशस्त दालने आणि उरलेल्या जागेत कशाबशा कोंबलेल्या खोल्या, ही आपली रीत सोडून साध्या, सारख्या, उबदार खोल्या अधिक कराव्यात. शालेय सहलींसाठी एक सामायिक शयनगृह असावे. ज्याने कर भरला त्या गुरुजींना तेथे दोन रात्री परवडल्या पाहिजेत.

मराठीपण कशात?

शेवटी, असे घर काश्मिरी पद्धतीने बांधले तर त्यात महाराष्ट्र कोठे राहिला, अशी शंका निघेल. महाद्वाराची सिमेंटची नक्कल, फायबरच्या मूर्ती आणि छतावर रोषणाई यांत महाराष्ट्र असतो, असे मानणाऱ्यांचे समाधान या लेखाने होणार नाही. मराठी माणसाला परमुलखात आपल्या घरासारखे वाटावे यासाठी गरम भाकरी आणि पिठले देणारे स्वयंपाकघर, मराठी पुस्तके आणि वृत्तपत्रे असलेली एक उबदार वाचनाची खोली, आणि रात्री आजारी पडल्यास आपल्या भाषेत बोलणारे कोणीतरी, एवढे पुष्कळ झाले. उरलेले घर त्या भूमीचे असावे. तेथील सुताराने व गवंड्याने ते बांधावे, तेथील मुलामुलींनी ते चालवावे, आणि हमामच्या खोलीत संध्याकाळी दोन्हीकडच्या माणसांना बसता यावे. बैसरननंतर ज्यांनी दारे उघडली त्यांच्याशी संबंध ठेवण्याचा याहून चांगला मार्ग दिसत नाही.

आराखड्यासाठी खुली स्पर्धा घ्यावी, तीत काश्मीरमधील आणि महाराष्ट्रातील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही स्थान द्यावे. निवडलेला आराखडा, त्याची पन्नास वर्षांची किंमत व देखभालनिधीची योजना विधिमंडळापुढे मांडावी, म्हणजे ती जनतेलाही पाहता येईल. ही मागणी मोठी नाही. महाराष्ट्र भवन प्रवाशांचे यजमान होणार, हे खरेच. परंतु त्या खोऱ्यात ते स्वतःही पाहुणे आहे. दुसऱ्याच्या घरी जाताना पादत्राणे कोठे काढावीत, हे आपल्या आजीने आपल्याला शिकविले होते. शासनाच्या वास्तूलाही तेवढी रीत कळावी, इतकीच अपेक्षा आहे.